बेस गिटारचा पिकअप : बदलावा केव्हा, निवडावा कसा

वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषयांना जागा मिळते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, ती ज्ञान चार भिंतींबाहेर यावे म्हणून. मग एका विजेच्या वाद्याच्या एका सुट्या भागाला या मालेत एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी. आमच्या आर्वीच्या आसपास लग्नसराईत, भीमजयंतीत, गणपती-दुर्गोत्सवात जे ऑर्केस्ट्रे आणि गाण्याच्या पार्ट्या फिरतात, त्यांतील काहींत बेस गिटार असते. ती वाजवणारा मुलगा बहुधा दिवसा दुसरे काही काम करतो आणि रात्री मंचाच्या मागच्या बाजूला उभा राहून खर्ज सांभाळतो. त्याची बिदागी गायकाहून कमी असते आणि नाव पत्रिकेवर क्वचितच येते. अशा मुलाला कोणीतरी सांगतो, ‘तुझा आवाज दबतो, पिकअप बदल.’ नवा पिकअप नागपूर-मुंबईहून मागवावा लागतो आणि कित्येक सुपाऱ्यांची कमाई त्यात जाते. इतका पैसा घालण्यापूर्वी तो कशासाठी घालायचा, हे त्याला समजले पाहिजे. कामगाराला आपल्या हत्याराची पुरती माहिती असावी, या एका भूमिकेवरून मी हा विषय घेतला आहे.

पिकअप म्हणजे काय

गिटारच्या तारांखाली जी काळी चपटी पेटी बसवलेली दिसते, तोच पिकअप. पुष्कळांचा समज असा असतो की तो एक लहानसा मायक्रोफोन आहे. तसे नाही. मायक्रोफोन हवेतील कंपने टिपतो. पिकअपला हवेशी काही कर्तव्य नसते. त्याच्या पोटात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची असते आणि एका पिकअपमधली सगळी तार उलगडली तर ती किलोमीटरभराच्या वर भरते. गिटारची तार पोलादी असते, म्हणून खालचा चुंबक तिलाही थोडे चुंबकत्व देतो. तार हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली जो नियम दाखवला तोच हा. आपल्या शेतावरच्या डिझेल जनरेटरमध्ये जे मोठ्या प्रमाणावर घडते, तेच येथे अगदी लहान प्रमाणावर घडते. तार सेकंदाला जितक्या वेळा हलेल तितक्याच वेळा वीज पुढेमागे होते. ती अँप्लिफायरमध्ये वाढते आणि स्पीकरमधून बाहेर पडते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की तारेत लोखंड नसेल तर हा पिकअप बहिरा आहे. नायलॉनचे वेष्टन असलेल्या बेसच्या तारा चालतात, कारण त्यांच्या गाभ्यात पोलाद असते. मात्र साध्या गिटारीसाठी बनवलेल्या, काशाचे वेष्टन असलेल्या तारांचा आवाज दुबळा येतो. दुसरी अशी की ज्या वेटोळ्यात तारेच्या हालचालीने वीज येते, त्यातच घरच्या दिव्यापंख्यांच्या चुंबकीय क्षेत्रानेही वीज येते. वेटोळ्याला आपपर भाव नसतो. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणून अँप्लिफायरमधून ती ‘घूंऽऽ’ अशी घरघर ऐकू येते. बेसच्या चार तारांचे मोकळे स्वर अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या आसपास असतात. म्हणजे ही घरघर नेमकी बेसच्या घरातच येऊन बसते. सतार-संतूरवाल्याला ती बाजूला काढता येईल; खर्जवाल्याला ती काढताना आपला स्वरही थोडा काढावा लागतो.

थोडा पूर्वेतिहास

विजेची गिटार १९३०च्या सुमारास अमेरिकेत आली. पॉल टटमार्क नावाच्या सिअ‍ॅटलच्या गृहस्थाने त्याच दशकात आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेची बेस बनवली होती, परंतु ती फारशी खपली नाही. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्यापूर्वी खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस उभा करून वाजवावा लागे. त्याला पडदे नसत आणि मोठ्या वाद्यवृंदात तो ऐकूही येत नसे. पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. १९५७ साली फेंडरने तिचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला आणि १९६० साली दोन स्वतंत्र पिकअपांची ‘जॅझ बेस’ काढली. आज जगात जे बदली पिकअप विकले जातात, त्यांतील बहुतेक या दोन नमुन्यांच्या मापाचे असतात. बदली पिकअपांचा स्वतंत्र धंदा मात्र १९७०च्या दशकात उभा राहिला. लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन ही त्यातली सुरुवातीची नावे.

आपल्याकडे हे वाद्य मुंबईच्या चित्रपट-संगीतातून घरोघर पोचले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. त्या गाण्यांवर आपण पन्नास वर्षे ताल धरला, परंतु तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे शोधू जाल तर बहुधा सापडणार नाहीत. आणि हाच पिकअपचा नियम आपल्या मिरवणुकीतल्या बेंजोलाही लागू आहे. १९१२ साली जपानातील नागोया येथे तयार झालेले ‘तैशोगोतो’ नावाचे वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झाले, महाराष्ट्रात त्यालाच बेंजो म्हणू लागले, आणि त्याच्या तारांखाली पिकअप बसवून ते ट्रकवर चढले. तेव्हा पुढील विवेचन बेंजोवाल्यांनीही ऐकण्यासारखे आहे.

बदलण्यापूर्वी

डॉक्टर औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो. आवाज दबतो म्हणजे पिकअपच दुबळा, असा निष्कर्ष लगेच काढू नये. ज्या क्रमाने खर्च वाढतो त्या क्रमाने तपास करावा.

पहिल्याने तारा पाहाव्यात. घाम आणि धूळ बसून तारा मेल्या असतील तर जगातला उत्तम पिकअपही त्यांना जिवंत करू शकत नाही. नंतर पिकअपची उंची पाहावी. त्याच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. तारा शेवटच्या पडद्यावर दाबून धरल्या असता तार आणि पिकअप यांत सुमारे तीन मिलिमीटर अंतर असावे, जाड तारेखाली थोडे अधिक. अंतर वाढले की आवाज कमी होतो. परंतु फार जवळ आणले तर चुंबक तारेला ओढतो, स्वर नीट ठरत नाही, आणि एकाच स्वरात दोन स्वर भांडत असल्यासारखे वाटते. हा स्क्रू फिरवायला एक पैसा लागत नाही, आणि पुष्कळ वेळा तक्रार येथेच मिटते.

त्यानंतर जॅक, केबल आणि आवाजाचे बटण पाहावे. बटण फिरवताना खरखर होत असेल तर त्यात धूळ आहे. केबल जितकी लांब तितके तीव्र उपस्वर तिच्यात मरतात. दहा मीटरांची हलकी केबल चांगल्या पिकअपलाही बोथट करते. गिटारीत नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर ती बदलून पाहावी. अशा गिटारीत जॅक घातल्याबरोबर बॅटरी सुरू होते, बटण शून्यावर असले तरी. रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर जॅक तसाच राहत गेला की बॅटरी लवकर बसते आणि दोष पिकअपच्या माथी येतो.

शेवटी स्पीकर पहावा. ४१ कंपनांचा स्वर लहान बॉक्समधून नीट निघतच नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराची कल्पना करून घेतो, म्हणून काम भागते इतकेच. गायकाच्या कर्ण्यातून बेस वाजवायची आणि ‘खर्ज येत नाही’ म्हणून पिकअप बदलायचा, हे चाक पंक्चर असताना बैल बदलण्यासारखे आहे. एकदा दुसऱ्या कोणाची गिटार त्याच केबलवर, त्याच अँप्लिफायरवर, त्याच जागी वाजवून पाहावी. तिचाही आवाज तसाच आला तर दोष आपल्या गिटारीत नाही, हे सिद्ध झाले.

पिकअप पुरताच बंद पडला असेल तर मल्टिमीटर लावावा. त्याची दोन टोके गिटारच्या बाकीच्या तारांपासून मोकळी करून मोजल्यास काही हजार ओहम दिसले पाहिजेत. काहीच वाट दिसत नसेल तर आत तार तुटली आहे. ती पुष्कळदा टोकाशीच, जाड वायरला डाख दिलेल्या ठिकाणी तुटते. बाहेरचे टोक असेल तर हलक्या हाताने एक वेढा उलगडून पुन्हा डाख देता येतो. वेटोळे आतून गेले असेल तर ते नव्याने गुंडाळता येते. आपल्या भागात पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करणारे कारागीर गावोगाव आहेत. तार अत्यंत बारीक असल्यामुळे त्यांच्यापैकी प्रत्येकाला हे जमेल असे नाही, पण ज्याचा हात हलका आणि वेढे मोजण्याची सोय आहे, त्याला हे तत्त्व नवे नाही. तकलीवर बारीक सूत काढण्याची परंपरा ज्या वर्धा जिल्ह्यात आहे, तेथे ताण सारखा ठेवण्याचे महत्त्व मी काय सांगावे!

पिकअपचे प्रकार

तपास झाला, आणि बदलण्याचेच ठरले, तर चार प्रकार डोळ्यांपुढे ठेवावेत.

एक, प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. दोन्ही तुकड्यांचे वेढे उलट दिशेचे आणि चुंबकही उलट असतात. तारेच्या विजेत दोन उलटी मिळून सुलट होते, म्हणून स्वर बेरजेने मिळतो. बाहेरच्या घरघरीला चुंबकाशी काम नसते. तिच्यावर फक्त वेढ्यांची दिशा चालते, म्हणून ती एकमेकांत वजा होते. आवाज भरीव, मध्यभागी ठाम. तो घोडीपासून पाच-सहा इंचांवर बसतो. एकच पिकअप, एकच आवाज; गोंगाटातही तो आपली जागा सोडत नाही.

दोन, जॅझ बेसचे दोन एकेरी पिकअप. घोडीजवळचा टणक आणि नाकातला, मानेकडचा गोल. दोन्ही मिसळून पुष्कळ छटा मिळतात. पण एकटा पिकअप वाजवला की घरघर येते; दोन्ही सारखे उघडले तरच ती वजा होते, आणि तीही दोघांची जोडी नीट जुळलेली असेल तर.

तीन, दुहेरी वेटोळ्याचा पिकअप, ज्याला हंबकर म्हणतात. गिब्सन कारखान्यात सेथ लव्हर याने १९५५च्या सुमारास ही युक्ती गिटारसाठी सिद्ध केली. बेसमध्ये तिचे नावाजलेले रूप म्हणजे १९७६ची म्यूझिक मॅन कंपनीची ‘स्टिंगरे’. जोरदार, झणझणीत, अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना आवडणारा.

चार, बॅटरीवर चालणारे पिकअप. त्यांत वेढे कमी आणि आतच लहानसा अँप्लिफायर असतो. घरघर फार कमी, लांब केबलचाही त्रास नाही. आवाज स्वच्छ, काहींना तो अतिस्वच्छ वाटतो. येथे बॅटरीचा कायमचा खर्च आणि ऐन वेळी ती बसण्याची धास्ती हिशेबात धरली पाहिजे.

मग यांतला चांगला कोणता? प्रश्नच अपुरा आहे. मंचावर लाइटिंगच्या माळा, मंद-तेज करणारी बटणे, जनरेटर आणि शेजारी मोबाइलचे चार्जर असे वातावरण असेल तर घरघर वजा करणारा प्रकार आधी पाहावा. भक्तिगीते, भीमगीते, जुनी चित्रपटगीते वाजवायची असतील तर प्रिसिजनचा साधा नमुना पुरे होतो. ज्याला स्टुडिओत वाजवायचे आहे त्याने जॅझच्या छटांचा विचार करावा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पिकअप कुठे बसला आहे, याला तो कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा अधिक महत्त्व असते. तंबोऱ्याच्या जवारीतून जसे एकाच तारेचे अनेक उपस्वर निघतात, तसे प्रत्येक तारेत ते असतात. प्रत्येक उपस्वराला तारेवर काही ठिकाणे अशी असतात की तेथे तो हलतच नाही. त्या ठिकाणी पिकअप आला की तो उपस्वर त्याला ऐकू येत नाही. म्हणून घोडीजवळच्या पिकअपकडून मानेकडचा गोल आवाज कितीही पैसे टाकले तरी निघणार नाही. जागा तीच राहणार असेल तर नवा पिकअप आवाजाची छटा बदलील, त्याचा स्वभाव पालटणार नाही.

पाकिटावरचे आकडे

विक्रेते एक आकडा मोठ्या अक्षरांत छापतात : इतके किलोओहम. आकडा मोठा तितका पिकअप जोरदार, अशी समजूत करून दिली जाते. हा आकडा तारेचा विरोध सांगतो. वेढे वाढले की तो वाढतो हे खरे, पण तार अधिक बारीक घेतली तरी तो वाढतो, आवाज न वाढता. प्रिसिजनच्या पिकअपचा विरोध सुमारे १०-११ किलोओहम असतो आणि जॅझच्या एका पिकअपचा सुमारे ७ ते ८. याचा अर्थ एक दुसऱ्याच्या दीडपट मोठा वाजतो असा नाही. शिवाय तांब्याचा विरोध उष्णतेने वाढतो, दर अंशाला शेकडा ०.३९ या मानाने. २० अंशांवर ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप आमच्या वैशाखातल्या ४५ अंशांवर सुमारे ८.२ दाखवील. उन्हाळ्याने पिकअप जोरदार होत असता तर विदर्भाइतके बेसवादक कोठेच झाले नसते! तेव्हा हा आकडा आत तार शाबूत आहे की नाही हे पाहण्यापुरता उपयोगी आहे. वेढे फार वाढवले तर आवाज मोठा होतो, परंतु तीव्र उपस्वर कमी होऊन तो जाडाभरडा होतो, हेही लक्षात ठेवावे.

चुंबकाविषयीही असेच. अल्निको, म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट मिसळलेला चुंबक. आणि सिरॅमिक म्हणजे फेराइटचा, जो स्वस्तही पडतो. पहिला मऊ आणि दुसरा कडक वाजतो असे सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ते वेढे, तार आणि रचना सारखी असेल तर. स्वस्त म्हणून सिरॅमिक वाईट, असे मानू नये.

मापे आणि जोडी

मागवण्यापूर्वी पट्टी घेऊन मोजावे. जॅझ बेसचा घोडीकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो. एकाच मापाचे दोन मागवले तर एक खाचेत बसत नाही किंवा एक सैल राहतो, आणि मग लाकूड कोरण्याची पाळी येते. पाच तारांच्या गिटारीत पेट्यांची लांबी निराळी असते. स्वस्त गिटारींत तर खाचा नेहमीच्या मापाच्या असतीलच असे नाही. लांबी, रुंदी, खोली आणि बाहेरच्या दोन तारांमधले अंतर कागदावर लिहून विक्रेत्याला कळवावे, आणि परत घेण्याची अट आधी ठरवावी.

जोडीतला एकच बदलायचा असेल तर जास्त जपावे. दोन्हींचे चुंबक वरच्या तोंडाला उलट ध्रुवांचे असले पाहिजेत. हे होकायंत्राने कळते. जुना पिकअप बोटभर दूर ठेवून सुईचे कोणते टोक ओढले जाते ते पाहावे. नव्याने दुसरे टोक ओढले पाहिजे. होकायंत्र चुंबकाला चिकटवू नये, नाहीतर तेच उलटे होते. दोन्ही पिकअप एकच टोक ओढत असतील तर पुढे दोनच शक्यता उरतात : स्वर मिळवाल तर घरघरही मिळेल, आणि वायरी उलट करून घरघर घालवाल तर दोन्ही पिकअप उघडल्यावर खर्जच वजा होऊन आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होईल. म्हणून खिशाला झेपत असेल तर जोडीच घ्यावी.

पिकअपबरोबर बटणेही जुळली पाहिजेत. एकेरी वेटोळ्याच्या आणि प्रिसिजनच्या पिकअपला २५० किलोओहमचे बटण आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हा प्रघात आहे. हंबकरला पुष्कळदा ५०० किलोओहमचे बटण लावतात. बॅटरीच्या पिकअपला २५ किलोओहमचे लागते. जुनी बटणे तशीच ठेवून बॅटरीचा पिकअप लावला तर बटण थोडेसे फिरताच आवाज एकदम उडी मारतो आणि गिऱ्हाईक कंपनीला दोष देते. खाचेच्या आत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थला जोडला तर घरघरीतली खरखर पुष्कळ कमी होते. हे काम स्वस्त आहे, आणि कधी कधी पिकअप बदलण्याची गरजच राहत नाही.

अर्थिंगचा प्रश्न

आता मी अशा भागाकडे येतो की ज्यासाठी हे सर्व विवेचन केले असे म्हटले तरी चालेल. जुन्या धर्तीच्या गिटारीत घोडीखालून एक वायर निघून जॅकच्या अर्थला जाते. वादकाचे बोट तारेला लागताच घरघर कमी होते, ती या वायरीमुळे. पिकअप बदलताना ही वायर तुटली किंवा विसरली तर घरघर वाढते, आणि नवा पिकअप वाईट निघाला असे वाटते. ईएमजीसारख्या काही बॅटरीच्या पिकअपांत ही वायर जोडू नये असे निर्मातेच सांगतात, कारण त्यांचे कवच आतूनच पुरेसे असते. आपल्या पिकअपबरोबरचा कागद वाचून तसे करावे.

परंतु या वायरीचा अर्थ असा की वादकाचा हात अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेला आहे. त्या सांगाड्यात वीज उतरली, तर ती तारांत उतरली. आपल्या मांडवांत काय घडते? तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मोडून टाकलेली असते, दोन वायरी थेट बोर्डात काड्या खोचून बसवतात, बेसचा अँप्लिफायर एका बोर्डावर, गायकाचा मायक्रोफोन दुसऱ्यावर, आणि जनरेटरचे अर्थिंग कोणी पाहिलेलेच नसते. अशा वेळी तारांवर हात आणि मायक्रोफोनला ओठ लागले की २३० व्होल्टची वाट माणसातून जाते. ३ मे १९७२ रोजी इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी येथे, लेस्ली हार्वी हा तरुण गिटारवादक हजारो डोळ्यांसमोर नव्हे, तरी भरल्या सभागृहात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. पिकअप त्याचाही उत्तमच असेल.

म्हणून वादकांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा. मंचावरची सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या अर्थिंगवर चालावीत. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे ईएलसीबी असावे. वाजवण्यापूर्वी तारांना आणि मायक्रोफोनच्या जाळीला टेस्टर लावावा. तो पेटला तर साउंडवाल्याने दोष काढीपर्यंत कोणीही वाद्य हातात घेऊ नये. टेस्टर पेटला नाही म्हणजे सर्व कुशल, असेही मानू नये. अर्थिंग डोळ्यांनी पाहावे. आणि झटका लागतो म्हणून अर्थची पिन तोडणे हा उपाय कोणी सुचवला तर त्याला मंचावरून खाली उतरवावे. पावसात, ओल्या पायांनी, अनवाणी वाजवण्याचा हट्ट मालकाने धरला तर नाही म्हणण्याचा हक्क वादकाला आहे. गिरणीत पट्ट्याला जाळी नसेल तर कामगार यंत्राजवळ जात नाही. तोच न्याय येथे लागू आहे. पिकअपवर जो खर्च करायचा, त्यातला पहिला रुपया या कामी घालावा असे माझे मत आहे.

खर्च कोणाचा

एक प्रश्न उरतो, आणि तो विजेचा नाही. गिटार पार्टीच्या मालकीची असेल तर तिच्या तारा, पिकअप, बॅटरी यांचा खर्च पार्टीने केला पाहिजे. जिनिंगमधला मजूर रेच्याचा रूळ घरून आणत नाही. गिटार वादकाची स्वतःची असेल तर तो आपल्या श्रमाबरोबर आपले भांडवलही मालकाला वापरायला देतो, आणि बिदागीत त्याचा वेगळा वाटा धरला पाहिजे. व्यवहारात हे दोन्ही होत नाही. ‘आवाज सुधार’ हा हुकूम मालकाचा आणि खर्च मुलाचा, ही रीत आहे. ती भांडून बदलण्यापूर्वी लिहून बदलावी. हंगामाच्या सुरुवातीलाच एका वहीत नोंदवावे की वाद्य कोणाचे, दुरुस्ती कोणाची, वीज सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची. पाच-सहा पार्ट्यांच्या वादकांनी मिळून एक डाख देण्याची इस्त्री, एक मल्टिमीटर, सुट्या बटणांचा आणि कंडेन्सरांचा एक डबा ठेवला तर निम्म्या दुरुस्त्या घरच्या घरी होतील. कोणाचा काढलेला जुना पिकअप दुसऱ्याच्या कामी येईल. सहकार हा शब्द आपण सोसायटीच्या पाटीवरच ठेवला आहे. तो असा उपयोगात आणता येतो.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या अगणित गाण्यांत जेम्स जेमर्सन याने बेस वाजवली. त्याची गिटार १९६२ची साधी प्रिसिजन होती, कारखान्यात बसवलेल्या दोन तुकड्यांच्या पिकअपसह. तारासुद्धा तो वर्षानुवर्षे त्याच ठेवी. त्या आवाजासाठी आज लोक महागडे पिकअप शोधत फिरतात. परंतु त्या कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावे कित्येक वर्षे नसत. १९७१च्या मार्विन गेच्या तबकडीवर जेमर्सनचे नाव छापले गेले. १९८३ साली तो वारला, आणि त्याच्या थोडेच आधी ती गिटारही चोरीस गेली. त्याचा पिकअप कोणता होता हे सर्वांना पाठ आहे. त्याला काय मिळाले हे विचारणारे थोडे.

असो. सारांश इतकाच. आधी तारा, उंची, केबल, स्पीकर आणि अर्थिंग पाहावे. पिकअप बदलायचाच असेल तर आपण कोठे, काय, कोणत्या गोंगाटात वाजवतो हे ठरवून प्रकार निवडावा. किलोओहमच्या आकड्याला भुलू नये. मापे आणि ध्रुव तपासावेत. जुना फेकू नये. आणि खर्चाचा वाटा वहीत लिहून घ्यावा. पुढच्या हंगामात आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मांडवात कोणी मुलगा वाजवायला उभा राहण्यापूर्वी टेस्टर काढताना दिसला, तर त्याला कोणी हसू नये. आयोजकांनी त्याला तपासायला पाच मिनिटे द्यावीत.